मनोविकल आरोपींच्या स्थानबद्धतेची वजावट

फौजदारी खटल्यातील आरोपी मनोविकल असल्याच्या कारणावरून त्याला न्यायालयाच्या आदेशाने मनोरुग्णालयात किंवा अन्य सुरक्षित जागी ठेवण्यात आले असता, तो काळ पुढे होणाऱ्या कारावासाच्या शिक्षेतून वजा करण्याच्या तत्त्वास ही संज्ञा लावतात. मनोविकलता याचा अर्थ, स्वतःच्या कृत्याचे स्वरूप वा परिणाम समजण्यास किंवा न्यायालयात स्वतःचा बचाव करण्यास मनुष्य असमर्थ होणे. रुग्णालय ही उपचाराची जागा असली, तरी न्यायालयाच्या आदेशाने तेथे ठेवलेल्या मनुष्यास आपल्या इच्छेने बाहेर पडता येत नाही. स्वातंत्र्याचा हा लोप कारागृहातील बंदिवासासारखाच असल्याने त्याचा हिशेब शिक्षेच्या मुदतीत व्हावा, हा या तत्त्वाचा गाभा होय. तथापि वजावटीसाठी मुळात ठराविक मुदतीची शिक्षा असावी लागते. ज्याचा खटलाच पुढे चालला नाही किंवा मनोविकलतेमुळे जो दोषमुक्त झाला, त्याच्या बाबतीत वजाबाकी करण्यासाठी आकडाच उपलब्ध नसतो. अशा व्यक्तींचे संरक्षण नियतकालिक वैद्यकीय अहवाल, न्यायालयीन देखरेख व स्थानबद्धतेची कमाल मर्यादा यांवर अवलंबून राहते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : गुन्हा करणाऱ्या मनोविकल व्यक्तीस शिक्षा न देता अटकावून ठेवण्याची आधुनिक पद्धत इंग्लंडमध्ये रूढ झाली. तिसऱ्या जॉर्ज राजावर १८०० साली गोळी झाडणारा जेम्स हॅडफील्ड मनोविकलतेच्या कारणावरून निर्दोष ठरला. त्याला मोकळे सोडावे लागू नये म्हणून त्याच वर्षी पार्लमेंटने अधिनियम संमत केला व अशा व्यक्तीस राजाची मर्जी असेपर्यंत अटकेत ठेवण्याची तरतूद केली. १८४३ मध्ये मॅकनॉटन खटल्यानंतर इंग्लंडमधील न्यायाधीशांनी मनोविकलतेच्या बचावाचे नियम मांडले. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ८४ वर त्यांचा प्रभाव दिसतो. भारतात गुन्हेगार वेड्यांच्या सुरक्षित अटकेविषयीचा पहिला अधिनियम १८४९ मध्ये करण्यात आला. १८५८ च्या ३६ व्या अधिनियमाने वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावली व १९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमाने ती एकत्रित केली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत वेड्या आरोपींविषयी एक स्वतंत्र प्रकरण होते. या सर्व कायद्यांत अटकेची सुरुवात कशी व्हावी हे तपशिलाने सांगितले होते. खटल्यापूर्वी गेलेला काळ शिक्षेत मोजण्याविषयी मात्र त्यांत सर्वसाधारण नियम नव्हता.

त्या वेळच्या पद्धतीनुसार खटला चालू असताना कारागृहात काढलेला काळ विचारात घेणे हे शिक्षा ठरविणाऱ्या न्यायाधीशाच्या इच्छेवर होते. शिक्षेची मुदत दोषसिद्धीच्या दिवसापासून मोजली जाई. त्यामुळे जामीन मिळविण्याची ऐपत नसलेल्या गरीब आरोपीची प्रत्यक्ष कैद जामिनावर सुटलेल्या आरोपीपेक्षा लांबत असे. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या विधेयकाचा विचार करणाऱ्या संसदेच्या संयुक्त समितीने ही विषमता ध्यानी घेऊन वजावटीचे कलम सुचविले. १ एप्रिल १९७४ रोजी अंमलात आलेल्या १९७३ च्या संहितेत ते कलम ४२८ म्हणून समाविष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिने घेतली असून तीत ही तरतूद कलम ४६८ मध्ये आढळते. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ त्याच दिवसापासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२ झाले.

वजावटीचे सूत्र : आरोपीस ठराविक मुदतीच्या कारावासाची शिक्षा झाल्यास, त्याच प्रकरणाच्या अन्वेषणाच्या, चौकशीच्या किंवा संपरीक्षेच्या काळात आणि दोषसिद्धीच्या तारखेपूर्वी त्याने भोगलेली स्थानबद्धता शिक्षेतून वजा करावी, असे हे कलम सांगते. उरलेल्या मुदतीपुरतीच त्याने शिक्षा भोगावयाची असते. दंड न भरल्याबद्दल भोगावयाच्या कैदेस ही वजावट लागू नाही. आजन्म कारावासाच्या बाबतीत वजावट मिळते की नाही, याविषयी पूर्वी मतभेद होता. १९८५ मध्ये भगीरथ विरुद्ध दिल्ली प्रशासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती मिळते असा निर्णय दिला. पुढे २००५ च्या दुरुस्तीने, ज्या बंद्यास मुक्ततेपूर्वी किमान चौदा वर्षे कारावास भोगणे बंधनकारक आहे, त्याची पूर्वस्थानबद्धता त्या चौदा वर्षांतून वजा करावी, असे स्पष्ट करण्यात आले.

कलमातील दोन शब्दप्रयोग मनोविकल आरोपीच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. पहिला ‘स्थानबद्धता’ हा होय. कलमात ‘कारागृहातील’ असे विशेषण नाही. स्थानबद्धतेच्या जागेचा उल्लेख न करता केवळ तिचा काळ सांगितला आहे. त्यामुळे न्यायालयाच्या आदेशाने मनोरुग्णालयात गेलेला काळही कलमाच्या भाषेत सामावतो. दुसरा शब्दप्रयोग ‘त्याच प्रकरणाच्या’ हा होय. स्थानबद्धता त्या विशिष्ट खटल्याच्या संबंधात असली पाहिजे. आंध्र प्रदेश शासन विरुद्ध ॲने वेंकटेश्वर राव (१९७७) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा काळ वजावटीस पात्र नाही असे ठरविले, कारण ती अटक खटल्यातील आरोपाकरिता नव्हती. याउलट महाराष्ट्र राज्य विरुद्ध नजाकत अली मुबारक अली (२००१) या निर्णयानुसार आरोपी एकाच वेळी दोन प्रकरणांत अटकेत असल्यास तो काळ दोन्ही प्रकरणांतील शिक्षांतून वजा होऊ शकतो. अटकेला आणखी एखादे कारण असले, एवढ्यावरून ती ‘त्याच प्रकरणातील’ राहत नाही असे होत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. उपचाराचा हेतू हे असेच एक जोड कारण मानता येते.

यावरून रुग्णालयातील वास्तव्याचे तीन प्रकार वेगळे करावे लागतात. न्यायालयाने खटला प्रलंबित असताना ज्या वास्तव्याचा आदेश दिला, ते वजावटीस पात्र ठरते. अटकेपूर्वी नातेवाइकांनी उपचारासाठी दाखल केले असल्यास तो काळ खटल्यातील स्थानबद्धता नसल्याने वजा होत नाही. जामिनावर सुटलेल्या आरोपीने स्वतःहून रुग्णालयात राहून घेतलेल्या उपचारांचा काळही वजावटीस पात्र नसतो.

खटला चालविण्यास असमर्थ आरोपी : आरोपी मनोविकल असल्याचे दंडाधिकाऱ्यास वाटल्यास तो प्रथम जिल्हा शल्यचिकित्सकाकडून किंवा शासनाने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून त्याची तपासणी करवितो. शल्यचिकित्सकास तो मनोविकल आढळल्यास त्याला मानसोपचारतज्ञाकडे किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठविले जाते. त्यांच्या मताविरुद्ध वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते. आरोपी बचाव करण्यास असमर्थ आहे, असे ठरल्यावर न्यायालय उपलब्ध पुरावा पाहते. प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसल्यास खटला तहकूब करण्याऐवजी आरोपीस सोडून देणे आवश्यक असते. प्रथमदर्शनी गुन्हा दिसत असेल, तर आरोपीच्या उपचारासाठी लागेल तेवढ्या काळापुरती कार्यवाही पुढे ढकलली जाते. १९७३ च्या संहितेतील कलमे ३२८ ते ३३९ यांत असलेल्या या तरतुदी नव्या संहितेत कलमे ३६७ ते ३७८ मध्ये आल्या आहेत.

अशा आरोपीस रुग्णालयात ठेवणे हा एकच मार्ग नाही. त्याला आंतररुग्ण म्हणून उपचारांची गरज नसेल आणि एखादा मित्र वा नातेवाईक त्याला जवळच्या वैद्यकीय केंद्रात नियमित बाह्यरुग्ण उपचार देण्याची व त्याच्यापासून कोणास इजा होणार नाही याची हमी घेत असेल, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, त्याला जामिनावर सोडता येते. ही तरतूद २००८ च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट झाली. जामीन देणे योग्य नसेल किंवा हमी देणारा कोणी पुढे येत नसेल, तर न्यायालय त्याला नियमित मानसोपचार मिळतील अशा जागी ठेवण्याचा आदेश देते व राज्य शासनास तसे कळविते. आरोपी बरा झाल्यावर खटला पुन्हा सुरू होतो.

वजावटीचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी येथील एका मजुराने शेजाऱ्यास कोयत्याने जखम केली, असे समजू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ (१) प्रमाणे घातक हत्याराने साधी दुखापत करण्यास कमाल तीन वर्षे कारावास आहे. गुहागरच्या न्यायालयाने त्याला प्रथम रत्नागिरीच्या कारागृहात ठेवले व तेथे ९० दिवस गेले. नंतर तो भ्रमिष्ट असल्याचे आढळून आल्यावरून त्याला रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठविण्यात आले. तेथे १८३ दिवसांनी तो बचाव करण्यास समर्थ झाला. घटनेच्या वेळी तो मनोविकल होता, हे मात्र सिद्ध झाले नाही. पुन्हा कारागृहात ९२ दिवस काढल्यावर त्याला दोन वर्षे, म्हणजे ७३० दिवस, कारावासाची शिक्षा झाली. रुग्णालयातील काळ धरल्यास एकूण ३६५ दिवस वजा होतात व तेवढेच दिवस शिक्षा उरते. तो न धरल्यास केवळ १८२ दिवस वजा होऊन ५४८ दिवस उरतात. केवळ आजारी पडल्यामुळे त्याला सहा महिने अधिक बंदिवास भोगावा लागेल. आजारी नसलेल्या सहआरोपीस असा भुर्दंड पडला नसता. वजावटीतून रुग्णालयाचा काळ वगळणे म्हणजे आजारालाच शिक्षा करणे होय, या विधानाचा अर्थ अशा हिशेबात दिसून येतो.

शिक्षा भोगत असताना झालेली मनोविकलता : शिक्षा सुरू झाल्यानंतर बंदी मनोविकल झाल्यास त्याच्या बाबतीत कायदा पूर्वीपासून स्पष्ट आहे. बंदी अधिनियम, १९०० याच्या कलम ३० नुसार राज्य शासन अशा बंद्यास अधिपत्राद्वारे कारागृहातून मनोरुग्णालयात हलवू शकते. तेथे गेलेला काळ शिक्षेच्या मुदतीचाच भाग म्हणून मोजावा, असे त्याच कलमात सांगितले आहे. बंदी बरा झाला आणि शिक्षेची मुदत शिल्लक असली, तर त्याला कारागृहात परत पाठविले जाते. म्हणजे दोषसिद्ध बंद्याच्या रुग्णालयातील दिवसांना कायद्याने १९०० मध्येच शिक्षेच्या दिवसांचे मोल दिले. दोष अद्याप सिद्ध न झालेल्या आरोपीस वजावटीचा सर्वसाधारण हक्क मिळण्यास मात्र १९७४ उजाडावे लागले. मृत्युदंड झालेल्या बंद्याच्या बाबतीत वजावटीचा प्रश्न उद्भवत नाही. तेथे मनोविकलतेचा परिणाम शिक्षेच्या स्वरूपावर होतो. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बंद्याचे नाव गुप्त ठेवून ‘आरोपी क्ष’ म्हणून त्याचा उल्लेख केला आणि दोषसिद्धीनंतर उद्‌भवलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे त्याचा मृत्युदंड आजन्म कारावासात बदलला.

मनोविकलतेमुळे दोषमुक्त व्यक्ती : कृत्य करतेवेळी आरोपी मनोविकल होता असे सिद्ध झाल्यास तो दोषमुक्त होतो. त्याने ते कृत्य केले किंवा नाही, हे मात्र न्यायालयास निर्णयात स्पष्टपणे नमूद करावे लागते. कृत्य केल्याचे ठरल्यास त्याला एकतर योग्य जागी सुरक्षित अटकेत ठेवतात किंवा पुरेसे तारण घेऊन नातेवाइकाच्या वा मित्राच्या स्वाधीन करतात. या अटकेस मुदत नसते. ती शिक्षा नसल्यामुळे खटल्यापूर्वी गेलेली वर्षे तिच्यातून वजा करता येत नाहीत. रुग्णालयाच्या अभ्यागतांनी किंवा संबंधित अधिकाऱ्याने, या व्यक्तीला सोडल्यास स्वतःस वा इतरांस इजा होण्याचा धोका नाही असे प्रमाणित केल्यावर राज्य शासन तिला मुक्त करू शकते. त्यासाठी एक न्यायिक व दोन वैद्यकीय अधिकारी यांचा आयोग नेमण्याचीही तरतूद आहे. परिणामी एखाद्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरून दोन वर्षांत मोकळा होणारा मनुष्य त्याच कृत्याबद्दल निर्दोष ठरला असता अधिक काळ अटकेत राहू शकतो. वकील मनोविकलतेचा बचाव घेण्यास काही वेळा कचरतात, त्याचे हे एक कारण होय.

दीर्घ स्थानबद्धतेची प्रकरणे : वजावटीच्या नियमाचा उपयोग न होता आयुष्याचा मोठा भाग अटकेत गेल्याची काही प्रकरणे भारतातील न्यायालयांसमोर आली. बिहारमधील हजारीबाग मध्यवर्ती कारागृहात वेडे म्हणून ठेवलेले काही बंदी दोन-तीन दशके वा त्याहून अधिक काळ तेथेच पडून होते. त्यांतील काही कित्येक वर्षांपूर्वीच बरे झाले होते, परंतु त्यांना सोडण्याचा आदेश कोणी काढला नव्हता. वीणा सेठी विरुद्ध बिहार राज्य (१९८२) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या मुक्ततेचा आदेश दिला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये याच न्यायालयाने, गुन्ह्याचा आरोप नसलेल्या मनोरुग्णांना कारागृहात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे असा निर्णय दिला. आसाममधील एका ग्रामस्थास १९५१ मध्ये दुखापतीच्या आरोपावरून अटक झाली होती. तेझपूरच्या मनोरुग्णालयाने तो बरा असल्याचे कळविल्यानंतरही त्याचा खटला उभा राहिला नाही व चोपन्न वर्षांनी, २००५ मध्ये, वृद्धापकाळी त्याची सुटका झाली. त्याच्यावरील आरोपास कायद्याने कितीही शिक्षा असती, तरी या वर्षांची वजावट कोणत्याच निर्णयात होऊ शकली नाही, कारण निर्णयच झाला नाही.

अडतीस वर्षे खटल्याविना अटकेत राहिलेल्या उत्तर प्रदेशातील एका आरोपीच्या वृत्तावरून सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्वतःहून कार्यवाही केली व सर्व राज्यांसाठी निर्देश दिले. त्यांनुसार मनोरुग्णालयातील आरोपींविषयीचे वैद्यकीय अहवाल ठराविक काळाने न्यायालयाकडे गेले पाहिजेत. ते न आल्यास न्यायालयाने मागवून घ्यावेत व त्यांवर योग्य तो आदेश द्यावा. मृत्युदंड वा आजन्म कारावास नसलेल्या गुन्ह्यातील आरोपी त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून अधिक काळ रुग्णालयात असल्यास प्रकरण बंद झाले असे मानून रुग्णालयास तसे कळवावे, म्हणजे त्याला घरी पाठविण्याचा विचार करता येईल, असेही या निर्देशांत आहे.

स्थानबद्धतेची कमाल मर्यादा : वजावट हा शिक्षेनंतरचा उपाय आहे, तिच्या आधीचा उपाय म्हणजे अन्वेषण व संपरीक्षा यांच्या काळातील स्थानबद्धतेवरील मर्यादा. २००५ च्या दुरुस्तीने जुन्या संहितेत आलेले कलम ४३६ क नव्या संहितेत कलम ४७९ झाले आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्म्या मुदतीइतका काळ अटकेत गेल्यावर आरोपी जामिनावर सुटण्यास पात्र होतो. पूर्वी कधीही दोषसिद्धी न झालेल्या आरोपीस एक-तृतीयांश मुदत पुरे होताच बंधपत्रावर सोडावयाचे असते. मृत्युदंड किंवा आजन्म कारावास असलेले गुन्हे यांतून वगळले आहेत. आरोपीविरुद्ध एकाहून अधिक गुन्ह्यांची वा अनेक खटल्यांची कार्यवाही प्रलंबित असल्यासही ही सवलत मिळत नाही. कोणत्याही आरोपीस गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षा अधिक काळ अटकेत ठेवता येत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही नवी सवलत १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांतील आरोपींनाही लागू असल्याचे स्पष्ट केले.

वरील उदाहरणातील हेदवीच्या मजुराचा हा पहिलाच गुन्हा असेल, तर तीन वर्षांचा एक-तृतीयांश म्हणजे एक वर्ष होय. रुग्णालयातील १८३ दिवस धरले, तरच ३६५ दिवसांचा टप्पा पुरा होतो. तेच दिवस शिक्षेच्या वजावटीत एकदा व मुक्ततेच्या पात्रतेत एकदा, असे दोन ठिकाणी उपयोगी पडतात. आरोपीने घडवून आणलेल्या विलंबाचा काळ या मोजणीतून वगळला जातो. आजारामुळे झालेला विलंब आरोपीने घडवून आणलेला विलंब मानणे मात्र तर्कास धरून नाही, कारण त्यात त्याच्या इच्छेचा भाग नसतो. पात्र आरोपीसाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य कायद्याने कारागृह अधीक्षकावर सोपविले आहे. आरोपी मनोरुग्णालयात असता त्याचे नाव कारागृहाच्या नोंदवहीत चालू राहिले, तरच हे कर्तव्य वेळेवर पार पडते.

मानसिक आरोग्यविषयक कायदा : १९१२ च्या वेडेपणा अधिनियमाच्या जागी मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ आला व १९९३ मध्ये तो अंमलात आला. त्याची जागा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने घेतली असून तो २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०३ मध्ये मानसिक आजार असलेल्या बंद्यांविषयी तरतुदी आहेत. न्यायालयाचा किंवा शासनाचा आदेश हा बंद्यास मानसिक आरोग्य आस्थापनेत दाखल करण्यास पुरेसा अधिकार मानला जातो. अशा बंद्याच्या प्रकृतीविषयी आस्थापनेच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने दर सहा महिन्यांनी आदेश देणाऱ्या प्राधिकाऱ्यास विशेष अहवाल पाठवावयाचा असतो. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीस मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अहवाल देणे आवश्यक आहे. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना स्थापावी, असेही हा अधिनियम सांगतो.

इतर देश : इंग्लंडमध्ये खटल्यापूर्वी मानसिक आरोग्य अधिनियम, १९८३ अन्वये रुग्णालयात पाठविलेल्या आरोपीचा काळ फौजदारी न्याय अधिनियम, २००३ याच्या व्याख्येनुसार अटकेतील काळ मानला गेला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याच्या दंडविषयक संहितेत, खटल्यास असमर्थ ठरलेल्या आरोपीने रुग्णालयात घालविलेला काळ शिक्षेत जमा धरावा, असे स्वतंत्र कलम आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक्सन विरुद्ध इंडियाना (१९७२) या खटल्यात, खटल्यास समर्थ होण्याची शक्यता नसलेल्या आरोपीस केवळ त्या कारणासाठी अनिश्चित काळ अटकेत ठेवता येणार नाही असे ठरविले. त्या आरोपीवर दोन जबरी चोऱ्यांचा आरोप होता. मात्र जोन्स विरुद्ध संयुक्त संस्थाने (१९८३) या निर्णयात त्याच न्यायालयाने, मनोविकलतेमुळे निर्दोष ठरलेल्या व्यक्तीस तिच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून अधिक काळ रुग्णालयात ठेवणे घटनाविरोधी नाही असे म्हटले, कारण त्या अटकेचा हेतू शिक्षा नसून उपचार व समाजाचे संरक्षण हा आहे. वजावटीचा नियम जेथे संपतो, ती सीमा या दोन निर्णयांवरून दिसते.

महाराष्ट्रातील व्यवस्था : महाराष्ट्रात ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी रत्नागिरीचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकातील असून दक्षिण कोकणासह लगतच्या काही जिल्ह्यांतील रुग्ण तेथे येतात. न्यायालयाने पाठविलेले आरोपीही अशा रुग्णालयांत दाखल होतात. त्यांच्या बाबतीत न्यायालय, पोलीस, कारागृह व रुग्णालय या चार यंत्रणांचा संबंध येतो आणि दिवसांचा हिशेब त्यांच्या कागदपत्रांवर अवलंबून असतो. आरोपीस कोणत्या तारखेस व कोणत्या कलमाखाली रुग्णालयात पाठविले, तो बरा झाल्याचा अहवाल कधी निघाला आणि तो न्यायालयात कधी पोहोचला, या तारखांची नोंद दोषसिद्धीनंतरच्या अधिपत्रासाठी आवश्यक असते. बरा झाल्याचा अहवाल व आरोपी पुन्हा न्यायालयासमोर येणे यांत जाणारे दिवसही स्थानबद्धतेचेच असतात.

नातेवाइकांची हमी हा जामिनाचा पाया असल्यामुळे अंतर व आर्थिक स्थिती यांना येथे मोठे महत्त्व येते. हेदवीसारख्या किनाऱ्यावरील गावातील कुटुंबास खटल्यासाठी गुहागरला व उपचारासाठी रत्नागिरीला जावे लागते. रत्नागिरीस जाताना तवसाळ येथे शास्त्री नदीची खाडी फेरी बोटीने ओलांडून जयगडला उतरता येते. अन्यथा लांबच्या रस्त्याने वळसा पडतो. आरोपी हाच घरचा मिळवता असला, तर वारंवार जाणे-येणे व बुडणारी मजुरी यांचा भार कुटुंबास पेलत नाही. हमी देणारा मिळाला नाही, की बाह्यरुग्ण उपचारांवर सुटू शकणारा आरोपी आंतररुग्ण म्हणून अटकेत राहतो. बरे झालेल्या रुग्णांना घरचे लोक परत नेत नाहीत, हा प्रश्न राज्यातील मनोरुग्णालयांच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयापुढेही जनहित याचिकेद्वारे आला आहे. आरोपाची छाया असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तो अधिक बिकट होतो. विधी सेवा प्राधिकरणांमार्फत अशा आरोपींना विनामूल्य वकील मिळू शकतो. कारावासाचा हिशेब स्वतः मांडता न येणाऱ्या मनुष्यास वजावटीचा हक्क प्रत्यक्षात मिळण्यासाठी हे साहाय्य आवश्यक ठरते.

मूल्यमापन : शिक्षेची मुदत निश्चित असेल तेथे प्रश्न दिवस मोजण्याचा असतो, आणि कलम ४६८ ची भाषा रुग्णालयातील दिवस मोजण्यास पुरेशी आहे. कॅलिफोर्नियाप्रमाणे भारतीय संहितेत मनोरुग्णालयाचा स्पष्ट उल्लेख केल्यास अर्थाविषयी संदिग्धता राहणार नाही. दोषमुक्त व्यक्तीच्या व खटल्यास कायमच्या असमर्थ आरोपीच्या बाबतीत मात्र वजावट उपयोगी पडत नाही. त्यांची अटक उपचारांच्या व सुरक्षिततेच्या गरजेवर आधारलेली असल्याने ती गरज संपताच अटकही संपणे न्यायाचे होय. गरज केव्हा संपली, हे षण्मासिक अहवालावरून कळते. तो अहवाल लिहिला जाणे, न्यायालयात वाचला जाणे व त्यावर आदेश होणे, या तीन गोष्टी जेथे घडल्या नाहीत, तेथे चोपन्न वर्षांपर्यंतची अटक घडली आहे.